जादूची कांडी आणि नवरदेवाची कट्यार

जळगाव-धुळ्याकडच्या वधू-वर परिचय मेळाव्यांना अलीकडे एक नवं खाद्य मिळालं आहे. हुंड्यावर बोलायला वक्त्यांची जीभ अडखळते, कारण पहिल्या रांगेत बसलेल्यांपैकी निम्म्यांनी तो घेतलेला असतो आणि उरलेल्यांनी दिलेला. डीजेवर बोलावं तर मंडळाचे कार्यकर्ते रुसतात. मग उरतात ती ‘थीम’वाली पोरं. कुणी पत्रिकेवर हॅरी पॉटरचं घुबड छापलं, कुणी मांडवाच्या तोंडाशी टॉल्किनच्या कादंबरीतल्या हॉबिटच्या घरासारखा गोल हिरवा दरवाजा उभा केला, कुणी स्वागतसमारंभाला जादूगाराचे झगे शिवायला टाकले. त्यांच्यावर कितीही तोंडसुख घ्या, उत्तर द्यायला समोर कुणी नसतं; ती पुण्या-बंगळुरूत नोकरीवर असतात. ‘हाई काय सोंग शे?’ इथून गाडी सुटते आणि संस्कृती, संस्कार, परक्यांचं अनुकरण अशी एकेक स्टेशनं घेत ‘आमच्या वेळी’ला जाऊन थांबते.

या गाडीची साखळी कुणीतरी ओढायला हवी.

आधी आपली ‘साधी, परंपरागत’ लग्नं कशी असतात ते पाहू. जळगावातल्या एका मंडपवाल्याच्या गोदामात मी मध्यंतरी जाऊन आलो. राज्यात थर्माकोलवर २०१८ साली बंदी आल्यापासून सगळा कारभार फायबरचा झाला आहे. सोंड वर केलेले दोन हत्ती, एकाचा दात तुटलेला. सोनेरी रंग दिलेले पोकळ खांब, एका हाताने उचलावेत इतके हलके. नवरा-नवरीला बसायला हंसाच्या आकाराचा कोच. आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या फळ्यांच्या पाठीवर जाड पेनाने लिहिलेलं: ‘महिष्मती डावा’, ‘महिष्मती उजवा’, ‘महिष्मती मधला (सांभाळून)’. हे महिष्मती ‘बाहुबली’तलं. २०१५ आणि २०१७ साली आलेल्या त्या दोन चित्रपटांतलं साम्राज्य कल्पनेतलं, राजघराणं कल्पनेतलं, शत्रूच्या टोळीची किलिकी भाषासुद्धा चित्रपटासाठी रचून घेतलेली. म्हणजे धरणगावच्या किंवा साक्रीच्या लॉन्सवर गेली काही वर्षं जी लग्नं लागताहेत, ती उघड उघड अद्भुतकथेच्या थीमवरचीच आहेत. फरक इतकाच, की थीम वधू-वरांनी निवडलेली नसून गोदामात जे पडून आहे त्यावरून ठरते.

त्या महिष्मतीत नवरदेव बाजीरावाच्या वेषात घोडीवरून येतो. त्याच्या हातात कट्यार असते. त्या कट्यारीने त्याने जन्मात लिंबूसुद्धा कापलेलं नसतं. उलट लिंबूच तिच्या टोकाला खोचलेलं असतं, दृष्ट लागू नये म्हणून. पुढे बँडवाले इंग्रजी पलटणीच्या धर्तीचा, खांद्यावर झालरी लावलेला गणवेश घालून अहिराणी गाणी वाजवत असतात. मग धुराचं यंत्र, थंड आतषबाजी, फिरतं व्यासपीठ, वरून उतरणारी नवरी. हे सगळं आजोबांना चालतं. पण टोकाला लिंबू असलेली कट्यार चालते आणि लाकडाची कांडी चालत नाही, याचं कारण कुणी मला समजावून सांगेल का? दोन्ही खोट्या, दोन्ही अनिष्ट टाळण्यासाठी. कांडीने निदान कुणाला लागत तरी नाही.

परक्यांच्या अनुकरणाचा मुद्दा तर पत्रिकेपासूनच ढासळतो. अंगठ्यांचा कार्यक्रम, केक, नवरदेवाचा थ्री-पीस सूट यांतलं काय तापीकाठी उगवलं? आणि परकी अद्भुतकथा मराठी घरात शिरली ती आजकाल नव्हे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या त्याला दीडशे वर्षं उलटून गेली. ‘चांदोबा’मधल्या विक्रम-वेताळावर दोन पिढ्या वाढल्या. टॉल्किनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुग्धा कर्णिक यांच्यामुळे ‘स्वामी मुद्रिकांचा’ होऊन मराठीत आलं आहे. पाचवीत असताना हॅरी पॉटर वाचायला लागलेली मुलगी आज तिशीच्या आसपास आहे. तिच्या दृष्टीने ते पुस्तक परकं कसं? महिष्मतीपेक्षा त्याच्याशी तिची ओळख जुनी आहे.

आता संस्कारांकडे वळू, कारण हा मुद्दा मांडणारे हल्ली थेट सर्वोच्च न्यायालयाचा दाखला देतात. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने म्हटलं की हिंदू विवाह हा संस्कार आहे, तो नाचगाण्याचा आणि खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे. वाक्य टाळ्यांचं आहे. पण खटला कशाचा होता? वैमानिक असलेल्या एका जोडप्याने कुठलाही विधी न करता एका संस्थेकडून लग्नाचं प्रमाणपत्र मिळवलं होतं आणि त्यावर नोंदणीही करून घेतली होती. विधीच झाला नाही तर १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातल्या ७ व्या कलमाखाली विवाह झाला असं म्हणता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. ते कलम वधू किंवा वर यांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाले की पुरे म्हणतं. वऱ्हाडींनी काय घालावं, मागचा पडदा कसला असावा, यावर त्यात अवाक्षर नाही. त्याच निकालात न्यायालयाने हुंड्याच्या आणि भेटवस्तूंच्या दडपणावरही कोरडे ओढले आहेत. तो परिच्छेद मात्र मेळाव्यात कुणी वाचून दाखवत नाही.

विधींच्या पावित्र्याची एवढी चाड असती तर आपल्याकडे मुहूर्तांची जी गत होते ती झाली नसती. बारा पस्तीसचा मुहूर्त पत्रिकेवर ठळक छापायचा आणि दीडपर्यंत माईकवर ‘आमदार साहेब पारोळ्याच्या पुढे आलेले आहेत’ असं सांगत राहायचं. ते आले की सत्कार, त्यांच्यासोबत आलेल्यांचे सत्कार, मग शुभाशीर्वादाचं भाषण, त्यात धरणाचं पाणी. भटजी घड्याळ बघणं केव्हाच सोडून देतात.

या मुहूर्तावरून आठवलं. खान्देशाशी नातं असलेली सगळ्यात प्रसिद्ध लग्नगोष्ट हुकलेल्या मुहूर्ताचीच आहे आणि ती एका गणितज्ञाच्या घरातली आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरात सापडलेला १२०७ च्या सुमाराचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ काढला, त्याची ही नोंद. तर या भास्कराचार्यांच्या लीलावतीची कथा अशी: मुलीच्या पत्रिकेत विवाहयोग नाही, म्हणून बापाने गणित करून एकच घटका काढली. वेळ चुकू नये म्हणून पाण्यात घटिकापात्र तरंगत ठेवलं, तळाला बारीक छिद्र असलेली वाटी. ती भरून बुडाली की घटका भरली. नटूनथटून बसलेली लीलावती कुतूहलाने वाकून बघायला गेली, अंगावरच्या अलंकारातला एक मोती वाटीत पडला, छिद्र बुजलं, पाणी चढेना, आणि मुहूर्त कधी टळून गेला ते कुणाला कळलंच नाही. बापाने मग तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. लीलावतीच्या वाटीत मोती अडकला, आपल्याकडे आमदारांची गाडी अडकते.

ही कथा येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. इतिहास म्हणून ती कुणी घेऊ नये. पण गोष्ट म्हणून तिने शतकं काढली, कारण तिच्यात विज्ञानवेडा बाप आहे, यंत्र आहे, त्या यंत्रात डोकावणारी नवरी आहे. आजच्या भाषेत ज्याला गीक लग्न म्हणतात त्याचा याहून अस्सल नमुना कुठून आणायचा? मला कुणी विचारलं तर जळगावच्या गणितवेड्या जोडप्याला मी सांगेन, हॅरी पॉटरचं हॉगवर्ट्स राहू द्या. पत्रिकेवर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ अशी किलबिल छापण्याऐवजी ‘लीलावती’तल्या भुंग्यांचं किंवा मोर-सापाचं उदाहरण छापा आणि उत्तर आणणाऱ्या पोरांना पेढा जास्त द्या. दारात तांब्याचं घटिकापात्र तरंगत ठेवा. पण हे झालं माझं मत. त्यांना घुबडच हवं असेल तर घुबड.

‘पण मंगलाष्टकात जादूगार?’ असं एका वडीलधाऱ्याने मला कपाळाला हात लावून विचारलं होतं. मंगलाष्टकं काय आकाशातून पडली? पहिल्या दोन-तीन संस्कृत श्लोकांनंतर आत्याबाई कागद काढतात आणि सुरू होतं ते घरीच रचलेलं असतं: यावलचे मामा, शिरपूरची मावशी, वराची कंपनी, सगळं शार्दूलविक्रीडितात कोंबलेलं. जोतीराव फुल्यांच्या प्रेरणेने २५ डिसेंबर १८७३ रोजी पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटजींवाचून. फुल्यांनी पुढे मराठीत स्वतःच मंगलाष्टकं रचली, ज्यांत वधू आणि वर एकमेकांना वचनं देतात. त्या पद्धतीला तेव्हाही धर्मबुडवी म्हटलं गेलं. मामाच्या नावाला जी मुभा आहे ती हॅरीला का नाही? वृत्ताची तर अजिबात अडचण नाही. शार्दूलविक्रीडिताचे गण म स ज स त त आणि शेवटी एक गुरू. म्हणजे चरणाची सुरुवात तीन गुरू, दोन लघू. हॅ-री-पॉ-ट-र. चपखल बसतो. टॉल्किनचा बिल्बो बॅगिन्स बसत नाही, चौथ्याच अक्षराला अडतो. हॅरीचा वैरी व्हॉल्डेमॉर्टही बसण्यासारखा आहे, पण त्याला आमंत्रण कोण देणार? (भाऊबंदांना देतोच म्हणा.)

सगळ्यात समजूतदार वाटणारा आक्षेप पाहुण्यांचा: शिंदखेड्याहून टेम्पोने आलेल्या म्हाताऱ्या माणसांना यातलं काय कळणार? म्हाताऱ्या माणसांना इतकं बाळबोध समजायचं कारण नाही. या मुलखात श्रावणात कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून तिची देवी होते, काही घरांत तिचं लग्नही लावतात, दुसऱ्या दिवशी वाजतगाजत नदीवर निरोप देतात. जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीला निघतो, त्याआधीच्या दिवसांत देव रोज नव्या वाहनावर स्वार होतो. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या काठी गावच्या राजवाडी होळीला बावा, बुध्या, मोरखी अंगभर पांढरे ठिपके काढून, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधून, डोक्यावर मोरपिसांचे उंच टोप चढवून रात्रभर नाचतात. तिथूनच सातपुड्यात अस्तंबा. दिवाळीच्या दिवसांत लोक रात्रीचा डोंगर चढतात, कपाळाची जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामा वाटेत तेल मागतो म्हणतात. तोच अश्वत्थामा असीरगडावरही येऊन शंकराला फूल वाहून जातो अशी तिकडची श्रद्धा. चिरंजीव, शापित, रक्ताळलेला, शतकानुशतकं फिरणारा योद्धा ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना पांढऱ्या दाढीचा एक जादूगार कळायला कितीसा वेळ लागेल? आणि मालेगाव धुळ्याहून तासाभरावर. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी तिथे स्वतःचा सुपरमॅन उडवला. त्यावरचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ चा. त्या सुपरमॅनला कुणी परका म्हटलं नाही.

धुळ्यातल्या देवपुरातली एक मुलगी माझ्या ओळखीची आहे, टॉल्किनची भक्त. तिने लग्नात एकच गोष्ट केली. अंतरपाट स्वतः भरला. पांढऱ्या कापडावर तपकिरी दोऱ्याने नकाशा, त्या पुस्तकांच्या आतल्या पानावर असतो तसा: वर सातपुड्याचे त्रिकोणी डोंगर, मधून आडवी तापी, खालून पांझरा आणि गिरणा येऊन मिळालेल्या. पांझरेकाठी तिचं गाव, गिरणेकाठी त्याचं. पूर्वेच्या कडेला असीरगड, काळ्या मनोऱ्यासारखा एकटा. दिशा दाखवायला कोपऱ्यात जे चक्र असतं त्या जागी कुंकवाचं स्वस्तिक. मंगलाष्टकं चालू असताना पुढच्या रांगेतल्या बायका अक्षता टाकायच्या विसरून त्या कापडावर आपापलं गाव शोधत होत्या. नरडाण्याच्या एक आजी शेवटपर्यंत कुरकुरत होत्या, कारण नरडाणा राहून गेलं होतं. पाहुण्यांना काय कळणार म्हणणाऱ्यांनी त्या आजींना गाठावं.

अंतरपाटाचं कापड आणि दोरा किती रुपयांचा असेल? रुखवतात आपल्या बायका हेच करत आल्या आहेत. काड्यांचं घर, साखरेचा संच, सुपाऱ्यांचे वऱ्हाडी. प्रत्येक रुखवत ही छोटी कल्पित दुनिया असते आणि तिच्यावर कुणी व्याख्यान झोडत नाही. पोरीने तिथे हॉबिटचं घर मांडलं तर परंपरा पुढे गेली असं म्हणायला हवं.

मात्र इथे मला त्या पोरांचीही कानउघाडणी करायची आहे, कारण त्यांच्यातले काही जण महिष्मतीच्याच वाटेने चाललेत. ‘हॉगवर्ट्स पॅकेज’ म्हणून शहरातल्या एखाद्या नियोजनवाल्याकडून हवेत लटकणाऱ्या मेणबत्त्या, प्लास्टिकचं घुबड आणि चार गटांचे झेंडे आणायचे, ते दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच लग्नात लागायचे, याला आवड म्हणत नाहीत. गोदाम बदललं, एवढंच. ज्याने पुस्तक उघडलेलं नाही त्याने त्याचा सेट भाड्याने आणू नये. आणि पंगतीला हात लावू नये, ही तर माझी हात जोडून विनंती. बट्टी, त्यावर वरण, वर तुपाची धार, शेजारी वांग्याची भाजी. यांच्या जोडीला मठ्ठा हवा, बटरबिअर नावाचा कोमट गोड सोडा नको. टॉल्किनच्या हॉबिटांनीही इथे माझी बाजू घेतली असती. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची सुरुवातच बिल्बोच्या १११ व्या वाढदिवसाच्या जेवणावळीने होते, खास पंगत १४४ जणांची, त्यात त्याच्या घरावर डोळा ठेवून असलेले भाऊबंद आवर्जून बोलावलेले. हॉबिट आपल्या वाढदिवसाला पाहुण्यांनाच आहेर देतात. यातलं काही उचलायचंच असेल तर हे उचला.

मेटाव्हर्सची, म्हणजे संगणकातल्या आभासी जगाची, भीती घालणाऱ्यांसाठी एक उदाहरण. २०२२ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यातल्या एका जोडप्याने लग्न गावात लावलं आणि स्वागतसमारंभ हॉगवर्ट्सच्या आभासी महालात घेतला. नवरीचे वडील हयात नव्हते. त्यांची आभासी प्रतिमा तिथे उभी होती. ‘मेलेल्या माणसाचा खेळ केला’ असं आपल्याकडचे काही म्हणाले. आपण पत्रिकेत आशीर्वाद देणाऱ्यांच्या रकान्यात कै. आजोबांचं नाव छापतो, ते काय असतं?

आता खर्च. हा एकच आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच तो अर्धवट मांडला जातो. २०२५ च्या मे महिन्यात पुण्याकडच्या एका विवाहितेच्या मृत्यूने हुंड्याचा प्रश्न राज्यभर पेटला. मराठा समाजाच्या बैठकांतून लग्नाच्या आचारसंहिता निघाल्या: माणसं मोजकी, डीजे नको, प्री-वेडिंग नको. चांगली गोष्ट झाली. पण अशा यादीत कुणीतरी हळूच ‘थीम नको’ घुसडतं तेव्हा मूळ दुखणं बाजूला पडतं. खर्च थीमने वाढत नाही. तो वाढतो दोन हजारांच्या पंगतीने, मानपानाच्या साड्यांनी, बस्ता फाडायला एका गाडीऐवजी चार गाड्या नेण्याने, आणि ‘आमच्या तोलामोलाचं करून द्या’ या निरोपाने. हा निरोप मुलाकडून निघतो आणि मुलीच्या बापाच्या घरी पोचतो. कपाशीचं बिल यायच्या आधीच उधारीची वही उघडते. कल्पना पोराची, झगा पोराचा, फोटो पोराचे आणि बिल सासऱ्याचं, असं थीमचं लग्न मला एखाददुसरं माहीत आहे. तिथे मी आक्षेपकांच्या शेजारी उभा राहीन. पण असाच हिशेब महिष्मतीच्या लग्नात होतो तेव्हा हेच आक्षेपक पहिल्या रांगेत फेटे बांधून घेत असतात.

तेव्हा पुढच्या मेळाव्यात ठराव आणायचाच असेल तर मी मसुदा देतो. ज्याला सजावट हवी त्याने तिचं बिल स्वतःच्या पगारातून भरावं आणि पावती वडीलधाऱ्यांना दाखवावी. मुहूर्ताची वेळ झाली की अंतरपाट धरावा, व्यासपीठावर कोण पोचलं आणि कोण नाही हे न बघता. लग्नात भाषण नको, सत्कार तर नकोच. ठरलेल्या यादीबाहेर मुलीकडच्यांकडे काही मागितलं तर मागणाऱ्याचं नाव मेळाव्यात वाचून दाखवावं, मग तो समाजाचा अध्यक्ष का असेना. झगा, घुबड, कांडी, फेटा, कट्यार यांबद्दल ठरावात एक ओळही नको. मे महिन्यात जो मखमलीचा झगा घालून मांडवात उभा राहील, त्याला समजावायला भुसावळचं ऊन पुरेसं आहे.